सही जुळते, पण...

मेव्हण्याने न्यूयॉर्कहून येताना आमच्यासाठी डग्लस लेव्हेअरचं ‘न्यूयॉर्क चेंजिंग’ हे फोटोंचं पुस्तक आणलं. चॉकलेटं आणली असती तर निदान बँकेत वाटता आली असती. पण पुस्तक उघडलं आणि मी चमकलोच. एकीकडे बेरेनिस अ‍ॅबट या बाईंनी १९३५ ते १९३९ च्या दरम्यान टिपलेलं न्यूयॉर्क आणि शेजारी तीच जागा लेव्हेअरच्या कॅमेऱ्यातून. अहो, हे तर आमचंच काम! चेकवरची सही नमुन्याच्या सहीशी ताडून पाहण्यात माझी वीस वर्षं गेली.

लेव्हेअर माणूस भलताच चोख. १९९७ साली त्याने सुरुवात केली. तीच जागा, तोच मोसम, दिवसाची तीच वेळ. कॅमेराही बाईंसारखाच, आठ बाय दहा इंचांच्या निगेटिव्हचा. सावलीसुद्धा जुळली पाहिजे! असा माणूस आमच्या क्लिअरिंगला मिळता तर!

पण सावली जुळायची तर ती पाडणारी वस्तू जागेवर नको का? खांबांवरून धावणाऱ्या ‘एल’ रेल्वेखाली पडलेल्या उन्हाच्या पट्ट्या बाईंनी टिपल्या होत्या. थर्ड अ‍ॅव्हेन्यूवरची ती रेल्वे मॅनहॅटनमध्ये १९५५ साली बंद झाली, मग पाडली. सूर्य आजही वेळेवर हजर होतो, पण पट्ट्या कुठून आणणार? खरं सांगतो, पुस्तकभर मी न जुळणाऱ्या जागांपाशीच रेंगाळलो.

तक्रार एकच आहे. अ‍ॅबटबाईही कुणाच्या तरी भक्तच होत्या. पॅरिसचे बोळ, जिने, दुकानं टिपत फिरणारा युजीन आत्जे हे त्यांचं दैवत. १९२७ साली त्यांनी त्याचा फोटो काढला आणि दाखवायला घेऊन गेल्या, तर म्हातारा गेलेला! बाईंनी त्याच्या हजारावर निगेटिव्ह मिळवल्या, चाळीस वर्षं सांभाळल्या आणि १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या हवाली केल्या. पण त्याच्या जागा शोधत त्या पॅरिसभर हिंडत बसल्या नाहीत. न्यूयॉर्कला परतल्या आणि कुठे उभं राहायचं ते स्वतः ठरवलं. लेव्हेअरने तो प्रश्न बाईंवरच सोपवला. मग त्यांच्यामागे शहरात जे नवं उगवलं, ते चौकटीत आलं तर केवळ नशिबाने.

हे सारं हिला ऐकवलं. ही म्हणाली, “अहो, मग आपणही काढू या ना, लग्नातला फोटो? तीच जागा, तीच वेळ.”

मी पोट आत घेतलं. त्या कार्यालयाच्या जागी आता मोटारी लावतात. तासाला वीस रुपये.