‘चार नगरांतले माझे विश्व’ आणि आपला बी.एस्सी.चा विद्यार्थी

भौतिकशास्त्रात चांगले गुण मिळवणाऱ्या मुलाच्या सत्काराला नागपुरात जेव्हा जेव्हा गेलो, तेव्हा बहुधा डॉ. जयंत नारळीकरांचे ‘चार नगरांतले माझे विश्व’ हेच त्याच्या हातात पडताना पाहिले. २०२५ साली नारळीकर गेले. त्यानंतर तर ते अधिकच दिले जाते. २०१२ साली मौजेने काढलेल्या या आत्मचरित्राला २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. भाषा सरळ, आव कुठेच नाही. बनारसचे दिवस तर प्रत्येक शिक्षकाने वाचावेत. पण हे पुस्तक देऊन ‘पदवीनंतर पुढे काय?’ या प्रश्नाचे उत्तर दिल्याचे समाधान आपण मानतो, ते मला पटत नाही.

नारळीकर १९५७ साली बनारस हिंदू विश्वविद्यालयातून बी.एस्सी. झाले आणि त्याच वर्षी केंब्रिजला गेले. वाचताना हे इतके सहज वाटते, की वाटेत काही वळणे असतील असे मनातही येत नाही. वळणे होती, ती ठाऊक असलेली माणसे घरातच होती, इतकेच. वडील स्वतः केंब्रिजला शिकलेले, बनारसला गणिताचे विभागप्रमुख. मोरूमामा, म्हणजे मोरेश्वर हुजूरबाजार, घरातल्या फळ्यावर भाच्यासाठी आव्हान म्हणून गणिते लिहून ठेवीत. लेखक हे ऋण मोकळेपणाने मांडतात. मात्र असा मामा नसलेल्याने काय करावे, हे या पुस्तकात शोधू नये. आत्मचरित्राकडून ती अपेक्षाही गैर.

मी २००५ साली नागपुरातून बी.एस्सी. झालो. आय.आय.टी.तील एम.एस्सी.साठीची ‘जॅम’ ही प्रवेशपरीक्षा तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. तिचे नाव मला कळले ते अर्जाची मुदत संपल्यावर, आणि तेही बसच्या रांगेत, एका अनोळखी मुलाकडून. वर्ष गेले. आमच्या घरी त्या वर्षाचा हिशेब वडिलांच्या पगारात मांडला जाई.

आजही जॅमचे अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात भरतात आणि परीक्षा फेब्रुवारीत होते. म्हणजे तिसऱ्या वर्षाचे वर्ग रंगात येईपर्यंत दार मिटलेले असते. आपल्याच गावच्या व्ही.एन.आय.टी.तील भौतिकशास्त्राच्या एम.एस्सी.ची वाटही जॅमच्या गुणांवरून जाते, हे वर्गात किती जणांना ठाऊक असते? बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था बी.एस्सी.नंतर एकात्मिक पीएच.डी.ला प्रवेश देते. एम.एस्सी. झाल्यावर भाभा अणुसंशोधन केंद्राचे प्रशिक्षण विद्यालय आहे (तेही १९५७ चेच!). आणि ज्याला लगेच कमवायचे आहे, त्याने हवामान खात्यातील वैज्ञानिक सहायकाच्या भरतीकडे लक्ष ठेवावे. तिथे भौतिकशास्त्र घेतलेला प्रथम श्रेणीचा पदवीधर चालतो. त्या खात्याचे प्रादेशिक केंद्र सोनेगावला, विमानतळाजवळ आहे. मुले त्यावरून जातात-येतात, आत काय चालते ते विचारीत नाहीत.

पुस्तक जरूर द्यावे, पण पदवीच्या निकालानंतर नव्हे, प्रवेश घेतल्याच्या पहिल्या महिन्यात. आणि शेवटच्या कोऱ्या पानावर वरच्या परीक्षांची नावे व महिने आपल्या हाताने लिहून. भौतिकशास्त्राच्या एम.एस्सी.साठी बऱ्याच ठिकाणी पदवीला गणित असावे लागते, आणि गणित घ्यायचे की नाही हे मुलगा पहिल्याच वर्षी, बहुधा मित्राला विचारून, ठरवून मोकळा होतो.