शिकाऊ हात आणि शहराची भिंत

भिंतीवर रंगाने लिहिणाऱ्या पोराकडे पाहण्याच्या आपल्याकडे दोनच रीती आहेत. पहिली रीत प्रशासनाची. तिला ते विद्रूपीकरण दिसते. 1995 साली महाराष्ट्राने मालमत्तेच्या विद्रूपणाविरुद्ध स्वतंत्र कायदाच केला. दुसरी रीत हौशी रसिकाची. त्याला वस्तीतल्या पोराच्या हातून उमटलेले काहीही 'रांगडे' आणि 'जिवंत' वाटते. एक दंड मागतो, दुसरा टाळ्या वाजवतो. तो पोरगा शिकतो आहे, त्याचा हात काल कुठे होता आणि आज कुठे आहे, हे मात्र दोघेही पाहत नाहीत. दलित साहित्याच्या बाबतीत प्रस्थापित समीक्षेने जे केले, त्याचीच ही पुनरावृत्ती आहे. तिनेही आधी नाक मुरडले आणि नंतर सहानुभूतीची पाठ थोपटली. लेखनाची कसून तपासणी करण्याचे कष्ट फार थोड्यांनी घेतले.

ग्राफिटी हा शब्द इटालियन असून त्याच्या मुळाशी ओरखडण्याचा अर्थ आहे. 1960 च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियातील पोरे भिंतींवर व गाड्यांवर आपली टोपणनावे लिहू लागली. ज्याला शहर ओळखत नाही त्याने शहराला आपले नाव वाचायला लावणे, हा त्यातला गाभा. आपल्याला ही गोष्ट परकी नाही. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत आणि त्यांत कल्याणचे व्यापारी आहेत, कारागीरही आहेत. बौद्ध लेण्याच्या भिंतीवर कल्याणच्या कारागिराचे नाव बसू शकत होते. पुढे त्याच कष्टकऱ्याच्या वंशजांना अक्षरच नाकारले गेले. म्हणून आमच्या माणसाने भिंतीवर काढलेल्या अक्षराला केवळ सजावट म्हणता येत नाही.

1972 साली दलित पँथर उभी राहिली. 1978 साली मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि 1994 साली नामविस्तार झाला. या जवळजवळ सोळा वर्षांत गेरू, चुना आणि नीळ यांनी किती भिंती बोलल्या! त्या भिंतींवर लिहिणाऱ्यांची नावे कुणाला ठाऊक नाहीत. न्यूयॉर्कचा पोरगा स्वतःचे नाव लिहीत होता, आमचा कार्यकर्ता समाजाची मागणी लिहीत होता. हा फरक लक्षात ठेवूनच आजच्या शिकाऊ हाताकडे पाहिले पाहिजे.

कल्याण पूर्वेच्या एका वस्तीत असा एक हात मी गेली तीन-चार वर्षे पाहत आलो आहे. या पोराला गुरू नाही. पूर्वी साइनबोर्ड पेंटरच्या हाताखाली उमेदवारी करता येत असे. खडू लावलेली दोरी ताणून सरळ रेघ उडवणे, चौकटी पाडून फोटोवरून चेहरा मोठा करणे, पट्टा ब्रशने अक्षराचे पोट भरणे, हे सारे तिथे मिळे. फ्लेक्सने तो धंदा बसवला आणि ती शाळाही मोडली. हा पोरगा मोबाइलवर पाहून शिकला. त्यामुळे त्याची पहिली भिंत इंग्रजी अक्षरांची होती. फुगवलेली, एकमेकांवर चढलेली अक्षरे, आणि ठिकठिकाणी रंगाचे ओघळ. स्प्रेचा डबा भिंतीजवळ धरला तर रेघ बारीक आणि ठाशीव येते, लांब धरला तर पसरते. हात रेंगाळला की ओघळ सुटतो. हे त्याला डबे संपवूनच कळले, आणि डबा स्वस्त नसतो. मजुरी करणाऱ्या घरात प्रत्येक चुकीची किंमत मोजावी लागते.

दुसऱ्या वर्षी तो देवनागरीकडे वळला आणि खरी अडचण तिथे आली. रोमन अक्षर एकेकटे उभे असते. त्याला फुगवा, वाकवा, ते तोल सावरते. आपले अक्षर शिरोरेषेला लटकते. वर वेलांटी, खाली उकार. उसनी फुगीर पद्धत त्याने 'जय भीम' या शब्दांवर लादली तेव्हा 'भ' ओळखूच येईना. येणारीजाणारी माणसे थांबत, पाहत आणि न वाचताच पुढे जात. काही महिन्यांनी त्याने शिरोरेषाच जाड केली, एखाद्या तुळईसारखी, आणि अक्षरे तिच्याखाली सुटी सोडली. त्या दिवशी शाळेतून परतणाऱ्या मुलींनी ती भिंत मोठ्याने वाचली. मला त्याची खरी प्रगती इथे दिसते. उसन्या तंत्राने आपली लिपी मोडत होती. ती मोडू न देता त्याने तंत्रच वाकवले.

तिसरा टप्पा चेहऱ्याचा. 14 एप्रिलच्या आधी त्याने बाबासाहेबांचे चित्र काढले. चष्मा, कोट, टाय सारे जागच्या जागी होते. वस्तीने कौतुक केले. तरीही समीक्षकाने इथे स्पष्ट बोलले पाहिजे. ते चित्र फोटोची नक्कल होते. त्या चेहऱ्याने समोरच्या उघड्या गटाराबद्दल काही विचारले नाही. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री' (2013) या चित्रपटात शाळेच्या भिंतीवर बाबासाहेबांसह समाजसुधारकांची चित्रे आहेत आणि त्याच भिंतीपुढून मारलेले डुक्कर खांद्यावर घेऊन कुटुंब जाते. तिथे भिंतीवरची चित्रे साक्षीदार होतात. पाहणाऱ्याला अपराधी करतात. केवळ हुबेहूबपणावर समाधान मानले तर आपण महामानवाची मूर्ती करून ठेवतो. भक्तीला बाबासाहेबांचा विरोध होता, हे पुन्हा सांगावे लागू नये.

आता त्याचा हात तयार झाला आहे आणि नेमका आताच धोका आहे. शहर सुशोभीकरणाच्या कामात ठेकेदाराच्या हाताखाली त्याला रोज मिळू लागला. तो फ्लेमिंगो काढतो, झाडे काढतो, वारली नाचाचे फेर काढतो. पोट आहे, त्याला नावे ठेवण्याचा आपल्याला अधिकार नाही. पण वारली चित्राचे काय झाले ते पाहावे. लग्नघराच्या गेरूच्या भिंतीवर सवाशिणींनी तांदळाच्या पिठाने काढलेले ते चित्र होते. जिव्या सोमा मशे यांनी ते जगापुढे नेले आणि 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. आज शहरांच्या पुलांखाली तीच आकृती वारल्यांच्या जमिनीचा, जंगलाचा उच्चारही न करता नाचते. आकृती उचलली, माणूस मागे ठेवला. ज्या भिंतीवर कालपर्यंत घोषणा होती तिथे आज फुलपाखरू असेल, तर शहर सुंदर झाले की मुके झाले, हा प्रश्न विचारायलाच हवा.

मग अशा कलावंताला कोणत्या कसोटीवर घासावे? माझ्या मते तीन प्रश्न पुरेत. त्याची भिंत तिच्यापुढून रोज जाणाऱ्या माणसाला वाचता येते काय? त्याने उसने घेतले ते आपल्या लिपीच्या आणि जगण्याच्या मापाचे करून घेतले काय? आणि त्या जागेवर जे बोलणे भाग होते ते तो बोलला काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे या पोराने मिळवली आहेत. तिसऱ्याचे उत्तर त्याला एकट्याला देता येणार नाही.

ते चळवळीवर अवलंबून आहे. जयंती मंडळे फ्लेक्सवर पैसा ओततात. त्यातला थोडा रंगाच्या डब्यांवर खर्च व्हावा, विहाराची किंवा समाजमंदिराची एक भिंत मालकीहक्काने शिकाऊंना द्यावी. शिक्षकांनी मुलांना ती भिंत दाखवून अक्षर का वाचता येते, का येत नाही, यावर बोलावे. कार्यकर्त्यांनी काय लिहायचे यावर त्याच्याशी वाद घालावा, हुकूम सोडू नये. आणि ज्यांच्या हाती लेखणी आहे त्यांनी त्याला कौतुकाची भीक घालू नये. त्याच्या ओघळाला ओघळ म्हणावे आणि त्याच्या तुळईसारख्या शिरोरेषेला शोध म्हणावे. त्याला आपल्याकडून तेवढे मिळाले तरी रोजाच्या फ्लेमिंगोनंतर तो पुन्हा आपल्या भिंतीकडे येईल.