नवस फेडायची वेळ : तारकोव्हस्कीचा ‘द सॅक्रिफाइस’

जगबुडीचे सिनेमे बघताना आपल्याला एक सवय लागलेली असते. आता काय कोसळणार, याची वाट बघत बसायची. आंद्रेई तारकोव्हस्कीच्या ‘द सॅक्रिफाइस’मध्ये (१९८६) कोसळतं काय, तर दुधाची बरणी. घरावरून विमानं जातात, कपाटातल्या काचा किणकिणतात, बरणी पडून फुटते. मग टीव्हीवर एक आवाज येतो, आणि कळतं की अणुयुद्ध पेटलंय. बस्स. रणांगण वगैरे शेवटपर्यंत दिसत नाही.

पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. समुद्राकाठचं एकाकी घर. चित्रीकरण स्वीडनच्या गोटलंड बेटावर झालं. अलेक्झांडर हा पूर्वीचा नट, आता लेखन-व्याख्यानं करणारा. (आमच्याच जातीचा म्हणा ना, स्वतःच्या बोलण्याला कंटाळलेला!) आज त्याचा वाढदिवस. धाकट्या मुलाच्या घशाचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे तो मुका आहे. देवाशी तुमचं नातं काय, असं पोस्टमन ओटो सकाळीच विचारतो, आणि अलेक्झांडर सरळ सांगतो की काही नाही.

हाच माणूस त्या रात्री गुडघे टेकतो. सगळं पूर्वीसारखं होऊ दे. मी घर सोडीन, मुलाला सोडीन, कायमचा गप्प होईन. याला आपल्याकडे स्वच्छ शब्द आहे: नवस. आणि मराठीत नवस नुसता बोलून भागत नाही, तो फेडावा लागतो.

सकाळी दिवा लागतो, फोन लागतो, घरातली माणसं बाहेर बसून खातायत-पितायत. म्हणजे जग वाचलं? की ते स्वप्नच होतं? पुरावा शून्य. आमच्या मते सिनेमा खरा इथे सुरू होतो. संकटात हात कोण जोडत नाही? पण संकट होतं की नव्हतं हेच सांगता येत नसताना बोललेलं पाळायचं, हे अवघड. अलेक्झांडर घर पेटवून देतो.

इथे बर्गमनच्या ‘विंटर लाइट’ची (१९६३) आठवण येते. छायालेखक तोच, स्वेन न्यूक्विस्ट. तिथे योनास नावाचा कोळी चीनच्या अणुबॉम्बच्या धास्तीनं पाद्र्याकडे येतो. पाद्री त्याला धीर द्यायचा सोडून स्वतःच्याच शंकांचं रडगाणं गातो. योनास जाऊन गोळी झाडून घेतो, आणि पाद्री पुढच्या चर्चमध्ये जवळजवळ रिकाम्या बाकांसमोर प्रार्थनेला उभा राहतो. तिथे विधी उरलाय, विश्वास गेलाय. अलेक्झांडरकडे विधी नाही, चर्च नाही. नुसता दिलेला शब्द आहे.

पण आम्ही इथे अडतो, आणि तुम्हीही अडावं असं वाटतं. घर काय एकट्या अलेक्झांडरचं होतं? बायको चिखलातून धावत येते, मुलगी येते. त्यांना कुणी काही विचारलेलं नाही. तारकोव्हस्की बायकोला आधीच इतकं कर्कश आणि आततायी दाखवतो की तिच्या नुकसानीची आपल्याला फार खंत वाटू नये. हे आम्हाला पटत नाही. शिवाय ओटो त्याला जग वाचवायचा दुसराही उपाय सांगतो: मोलकरीण मारियाबरोबर रात्र काढ. तोही तो करून येतो. एका देवानं भागलं नाही तर दुसरा असावा! तेव्हा जग वाचलं ते प्रार्थनेनं की मारियामुळे? हा गोंधळ मात्र आम्हाला आवडतो. श्रद्धेचा हिशेब असा कधी जुळतच नाही.

घर जळतं ते एकाच लांब दृश्यात, सुमारे सहा मिनिटं. पहिल्यांदा कॅमेरा अडकला आणि घर फुकट जळलं. पुन्हा उभारून पुन्हा जाळावं लागलं. तारकोव्हस्की कॅन्सरनं आजारी होता, त्याच वर्षाच्या डिसेंबरात पॅरिसमध्ये गेला. सिनेमा त्यानं आपल्या मुलाला अर्पण केलाय.

अलेक्झांडरला रुग्णवाहिकेतून नेतात. मुलगा मात्र बापाबरोबर रोवलेल्या वाळक्या झाडाला पाणी घालून त्याच्याखाली आडवा होतो, आणि सिनेमाभर मुका असलेला हा पोरगा पहिल्यांदा बोलतो. बायबलमधल्या शब्दाबद्दल बापाला एक प्रश्न विचारतो, असं का म्हणून. ऐकायला बाप तिथे नाही. आणि असता, तरी न बोलायचा नवस त्यानं केलेला आहे.