एफरॅमयुक्त सूक्ष्मनियंत्रक : एक चिकित्सा

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने २०११ मध्ये एमएसपी ४३० कुटुंबातील अल्पऊर्जा सूक्ष्मनियंत्रकांत फ्लॅशऐवजी एफरॅम ही स्मृती आणली. तीत लिहिण्यापूर्वी पुसावे लागत नाही. लेखनक्षमता १० चा १५ वा घात इतकी. हे कौतुक रास्तच आहे. ८ मेगाहर्ट्झपुढे प्रक्रियकाला स्मृतीसाठी थांबावे लागते, पण ती मर्यादा गौण होय. परंतु वीज गेल्यावरही माहिती टिकते म्हणून ती सुसंगतही राहते, हे गृहीतक सदोष आहे. वीजमीटरमध्ये युनिटांची नोंद झाली आणि वेळेची होण्याआधीच पुरवठा तुटला, तर टिकते ती विसंगतीच. रॅममधील चूक निदान पुसली तरी जाते! नोंदीच्या दोन प्रती व वैधतेची खूण ठेवण्याचा भार आज्ञावलीकारावरच राहतो.