‘दुर्दिन’ आणि स्लाव्ह ‘दुझ्जि’

पाऊस या अर्थाचा ‘दुझ्जि’ हा मूळ स्लाव्ह शब्द कोणत्याहि पोथींत लिहिलेला नाहीं. चर्च-स्लाव्ह ‘दुझ्दि’, रशियन ‘दोझ्द’, पोलिश ‘देश्च’, चेक ‘देश्त’ या रूपांवरून तो अनुमानानें सिद्ध केलेला आहे. मुसळधार पावसास रशियनमध्यें ‘लीवेन’ हा निराळा शब्द आहे. तो ‘ओतणें’ या अर्थाच्या धातूपासून उघड निघतो. वाद आहे तो ‘दुझ्जि’च्या मुळाविषयीं.

त्रुबेत्स्कोय यांनीं १९२७ सालीं हें मूळ ‘दुस्-द्युस्’, म्हणजे वाईट आकाश, असें कल्पिलें. आधारास आपलें ‘दुर्दिन’ येतें. मराठींत त्याचा अर्थ विपत्काल असा झाला असला, तरी अमरकोशांत मेघांनीं झांकलेला दिवस हाच अर्थ दिला आहे. निरभ्र हवेचा वाचक ग्रीक ‘एउदिआ’ याच्या उलट बाजूचा. त्यांत ‘सु’च्या अर्थाचें पूर्वपद व ‘द्यु’ आहे. ध्वनिनियमहि आड येत नाहींत. संस्कृतज्ञास ही व्युत्पत्ति मोह घालते. परंतु मोह हें प्रमाण नव्हे.

आमचा पहिला आक्षेप उत्तरपदावर आहे. ‘दुर्दिन’ यांत ‘द्यु’ नसून ‘दिन’ आहे, आणि ‘दिन’चा सगोत्र शब्द रशियन ‘देन’ या रूपानें दिवस याच अर्थीं आजहि नांदतो. तेव्हां ‘दुर्दिन’ व ‘दुझ्जि’ हा एकच समास ठरत नाहीं. दुसरा आक्षेप पूर्वपदावर. ‘सु’चा अवशेष रशियन ‘झ्दोरोव’ (निरोगी) यांत दाखवितात. ‘सु’ आणि ‘दारु’ अशी त्याची फोड करितात. ‘दुस्’चा असा दुसरा निर्विवाद साक्षी पुढें येत नाहीं.

प्रतिपक्ष नॉर्वेजियन ‘दुस्क-रेग्न’ पुढें करितो व मुळांत ‘झ्ग’ मानितो. तेथेंहि ध्वनि जुळतात. अर्थ मात्र भुरभुर पावसाचा आहे. नोव्हगोरोडच्या जुन्या पोथ्यांत ‘दुझ्गि’ असें लेखन आढळतें, त्यावरून या पक्षाचा जय झाला असें मात्र कोणीं समजूं नये. ‘झ्द्य’ आणि ‘झ्ग्य’ यांचा उच्चार स्लाव्ह भाषांत पूर्वींच एक झालेला होता. लेखकाचा कांटा त्याच्या मुखांतील ध्वनि नोंदवितो, शब्दाचें कुल नोंदवीत नाहीं. पोथीसंग्राहकांनीं हा भेद विशेष ध्यानांत ठेवावा.

सारांश, ‘दुस्-द्युस्’ ही व्युत्पत्ति संभवनीय आहे, सिद्ध नाहीं. ढगाळ दिवसास वाईट म्हणण्याची कल्पना दोन समाजांत स्वतंत्रपणें उपजूं शकते. यास्तव ‘दुर्दिन’ हा येथें दृष्टांत म्हणून घ्यावा. पुरावा म्हणून घेऊं नये, असें आमचें मत आहे.