पाची बोटं आणि साचेखातं

पाची बोटं सारखी नसतात. देवानं ज्याला त्याला काहीतरी दिलंय, कुणाला कमी, कुणाला जास्त, आणि त्यात त्याची काही योजना आहे. आपण कोण विचारणारे? हे आपण चाळीत ऐकतो, कीर्तनात ऐकतो. साहित्याच्या मांडवातही ऐकतो, फक्त तिथली भाषा धुतलेली असते. दलित लेखकाला अनुभवाची देणगी लाभली आहे, असं कौतुकानं म्हटलं जातं. मित्रांनो, गावकुसाबाहेरचं जिणं ही जर देणगी, तर देणारा कोण ते एकदा तपासून घेऊ. त्यासाठी आपल्याच घरातले दोन कवी वाचू, एक बाप आणि एक मुलगा.

बाप म्हणजे मंगळवेढ्याचा चोखामेळा, चौदाव्या शतकातला. गावची भिंत बांधताना ती अंगावर कोसळून 1338 साली तो मेला, असं परंपरा सांगते. त्याची समाधी पंढरपूरच्या देवळाच्या दाराशी आहे, आत नाही. ते दार अस्पृश्यांना उघडायला 1947 साल उजाडलं, आणि त्यासाठी साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. हा चोखा एका अभंगात आपल्या जन्माचं कारण सांगतो. मागल्या जन्मी कृष्णाची निंदा घडली, तिचं फळ म्हणून हा जन्म. झाला हिशेब. देव बरोबर, मी चूक.

मुलाचं नाव कर्ममेळा. नावातच कर्म, पण कर्माचा हिशेब त्याला पटत नाही. तो थेट विठ्ठलाला जाब विचारतो. आम्हाला खाली कुणी ढकललं? दुसऱ्याच्या खरकट्यावर आयुष्य काढायला लावलंस, त्याचं तुला काहीच कसं वाटत नाही? बापाच्या अभंगाला समर्पण म्हणायचं आणि मुलाच्या अभंगाला त्रागा, ही वाचनाची जुनी रीत आहे. ती आपण मोडली पाहिजे. मुलाचा प्रश्न हा त्रागा नव्हे, विचार आहे.

पण म्हणून बापाला टाकून देणंही बरोबर नाही. विटाळ जर सगळ्यांच्याच देहात आहे तर सोवळा कोण, हा प्रश्न याच चोख्यानं विचारला. बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या मूळाविषयीचं आपलं पुस्तक 1948 साली नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांना अर्पण केलं. चोख्याची टवाळी करणं हा काही विद्रोह नव्हे. आपलं भांडण त्यानं स्वीकारलेल्या स्पष्टीकरणाशी आहे.

मुलाचीही एक मर्यादा आहे. तो विचारतो देवाला. खरकटं काही विठ्ठलानं वाढलं नव्हतं, गावानं वाढलं होतं. गावाला मात्र प्रश्न सुटतो. नेमकी हीच गोष्ट बाबासाहेबांनी गांधीजींना उत्तर देताना मांडली. देवाच्या नजरेत सगळी माणसं समान, असं संतांनी सांगितलं. माणूस माणसाला समान, असं नाही सांगितलं. पहिल्या वाक्यानं कुणाचंच काही बिघडत नाही. दुसऱ्यानं मात्र गाव हादरतं.

गाव सोडून मुंबईला आलं तर? लालबाग-परळच्या गिरण्यांत यंत्र होतं, पगार होता, भोंगा सगळ्यांना एकच होता. तरी साचेखात्यात, म्हणजे विणाईत, अस्पृश्याला जागा नव्हती. धोट्यात नवी कांडी घातली की धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे. तुटला तर थुंकी लावून जोडावा लागे. महाराच्या तोंडाचा धागा सवर्ण कामगाराला चालत नव्हता. पगार चांगला तो याच खात्यात. आणि गंमत बघा, विदर्भात महारांच्या घरोघर हातमाग चालत होते, जाडंभरडं कापड पिढ्यान् पिढ्या विणलं जात होतं. म्हणजे बोटांत कसब होतं. देवानं दिलं म्हणा हवं तर. पण ते कसब साच्यापर्यंत पोचू द्यायचं नाही, ही योजना देवाची नव्हती. बाजूच्या साच्यावरच्या माणसाची होती. 1928 साली गिरण्यांचा सहा महिन्यांचा संप झाला तेव्हा बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना बजावलं की आमच्या माणसांना सगळ्या खात्यांत काम हवं, नाहीतर मी त्यांना संपात उतरू देणार नाही. पुढाऱ्यांनी मान्य केलं, पण नाखुषीनं. लाल बावट्याखालीही विटाळ होताच.

मग पाची बोटांच्या म्हणीचं काय? ती खोटी आहे असं बाबासाहेब म्हणत नाहीत. 'जातिनिर्मूलना'च्या त्याच 1936 च्या पुस्तकात ते मान्य करतात की माणसं सारखी नसतात. फरक तीन गोष्टींनी पडतो. एक, जन्मानं मिळालेलं शरीर. दोन, घराकडून आणि समाजाकडून मिळालेला वारसा, म्हणजे शिक्षण, संस्कार, साधनं. तीन, स्वतःचे कष्ट. कष्टांप्रमाणे कमी-जास्त द्या, हे एक वेळ समजतं. पण पहिल्या दोन गोष्टींवरून माणूस निवडलात तर शर्यत सुरू होण्याआधीच निकाल लागलेला असतो. 'देवानं दिलं' या दोन शब्दांत या तिन्ही गोष्टींचा काला होतो. गळा गोड असणं आणि शाळेबाहेर बसावं लागणं, दोन्ही एकाच पिशवीत. मग गोड गळ्यासाठी देवाचे आभार मानताना माणूस शाळेबाहेरच्या जागेचेही आभार मानून बसतो. ही त्या शब्दांची खरी करामत.

गिरण्या 1982 च्या संपानंतर एकेक करून बंद पडल्या. साचे भंगारात गेले, त्या जागेवर टॉवर उभे राहिले. पण गटारात उतरणारा माणूस आजही बहुतेक आपलाच असतो, 2013 चा कायदा असूनही. तो गुदमरून मेला की नशिबाची भाषा लगेच हजर.

म्हणून लिहिणाऱ्या मित्रांना एवढंच सांगणं आहे. आपल्या कवितेत, कथेत देवाला शिव्या घालणं सोपं झालंय, त्यावर टाळ्याही मिळतात. पण नुसत्या देवाला शिव्या घालून आपण कर्ममेळ्याच्या पुढं एक पाऊल जात नाही. खरकटं कुणी वाढलं, साचेखात्याचं दार कुणी लावलं, गटाराचं झाकण कुणाच्या हुकमानं उघडलं, ते लिहा. आणि आपल्या पोरापोरींच्या बोटांत काय कसब आहे तेही लिहा. ते आहे, आणि पुष्कळ आहे.