गोळी, गुण आणि आमचा पेपर

न्यूरोएथिक्स म्हणजे मेंदूविज्ञानातून उभे राहणारे नैतिक प्रश्न, एवढं मागच्या वेळी बोलून झालं. आज एकच लेख घेऊ या. डिसेंबर २००८ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेला, हेन्री ग्रीली आणि इतर सहा जणांनी मिळून लिहिलेला. रिटॅलिन, मोडाफिनिल ही नावं तुमच्यापैकी काहींनी ऐकली असतील. एक अतिचंचलतेवरचं औषध, दुसरं दिवसा अनावर झोप येण्याच्या आजारावरचं. निरोगी माणसाने केवळ बुद्धीला धार यावी म्हणून ती घ्यावीत का? सज्ञान, सक्षम व्यक्तीला तशी मुभा असावी, असा या लेखकांचा कौल आहे. शिक्षणाने, व्यायामाने, पुरेशा झोपेनेही मेंदू बदलतोच की, मग गोळीनेच काय घोडं मारलंय?

पहिल्या वाचनात आम्हाला उत्तर सोपं वाटलं. शिक्षक विद्यार्थ्याला काहीतरी पटवून देतो, त्यातून मेंदू बदलतो. गोळी काहीच पटवत नाही. पण मग झोप तरी कुठे काय पटवते? चहा? व्याख्यानाआधी आम्ही दोन कप घेतो, हे इथल्या मंडळींना ठाऊक आहे. तेव्हा तो आक्षेप आम्ही मागे घेतला.

लेखाची अडचण वेगळीच आहे. धोके, सक्ती, विषमता या तिन्हींची दखल लेखक घेतात, आणि प्रामाणिकपणे घेतात. पण विद्यापीठात ‘सुधारणा’ म्हणायचं कशाला, हे ते जवळजवळ गृहीतच धरतात. पुढे २०११ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने, परवानगीशिवाय डॉक्टरी औषध घेऊन अभ्यासातली कामगिरी वाढवणं फसवणुकीत धरलं. ठीक. पण फसवणूक कुणाची? शेजारच्या बाकावरच्याची? की ज्याने गोळी घेतली त्याचीच?

आमच्याकडे एक विद्यार्थी होता. परीक्षेआधी तीन रात्री कसली तरी गोळी घेऊन जागला. निकालाच्या दिवशी पेढे घेऊन आला, गुण चांगले होते. आम्ही सहज विचारलं, “कांटचा निरपेक्ष आदेश म्हणजे काय रे?” तो ओशाळला. “सर, पेपरात लिहिलं होतं. आता नाही आठवत.” आम्ही हसलो, पेढा खाल्ला. हे हसणं आजही बोचतं. त्याला झोप कधी लागली, लागली की नाही, हेही आम्ही विचारलं नाही.

त्या वर्षीचा पेपर आम्हीच काढला होता. टिपा लिहा, फरक स्पष्ट करा. तीन रात्रींच्या पाठांतरावर सुटेल असाच. पुढच्या वर्षी आम्ही तोंडी परीक्षा मागितली. विद्यार्थी फार, वेळ नाही, असं उत्तर मिळालं. आम्हीही पुन्हा मागितली नाही.